‘मास्तर, फळ्यावरच लिहा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

रोज वापरायला जुनं चावीचं घड्याळ स्वस्तात कसं घ्यावं, यावर गेल्या आठवड्यात मी लिहिलं. त्याखाली आलेली एक प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो.

“मास्तर, लोकांची दिशाभूल करू नका. दोन हजारांत मिळणाऱ्या जुन्या एचएमटींच्या डायली बहुतेक नव्याने रंगवलेल्या असतात. कंपनी बंद पडली, पार्ट मिळत नाहीत. पाण्याचा थेंब लागला की खेळ खल्लास. कांचन ऑटोमॅटिक असते एवढंही तुम्हाला माहीत नाही. असलं घड्याळ तुम्ही स्वतः महिनाभर तरी सलग बांधलंय का? चार व्हिडिओ पाहून लिहिलेलं लगेच कळतं. घड्याळातलं कळत नसेल तर फळ्यावरच लिहा.”

खाली नाव नाही.

पहिल्यांदा कांचनचं. चूक माझीच आहे. चावीच्या घड्याळांच्या यादीत मी एचएमटीचं कांचन हे मॉडेल घातलं, ते ऑटोमॅटिक. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते, रोज चावी द्यावी लागत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि ते मनापासून मानतो.

पण ‘फळ्यावरच लिहा’ म्हणजे काय हो? सव्वीस वर्षं मी फळ्यावरच लिहितोय, गणित आणि विज्ञान, आणि त्याची मला लाज वाटावी असं त्यात काही नाही. ‘कांचन ऑटोमॅटिक आहे, दुरुस्त करा’ एवढ्या एका ओळीत तुमचं काम झालं असतं. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर चुकलं तर मी त्याला उत्तर चुकलं म्हणतो, त्याचा बाप काय करतो ते काढत नाही. तुम्ही माझा पेशा काढलात. नाव न लिहिता काढलात. मला हे लागलं, आणि लागलं हे लपवायचं मला कारण दिसत नाही.

आता तुमच्या त्या एका वाक्याकडे येतो, कारण बाकीचं मी सोडून दिलं असतं. ‘महिनाभर तरी सलग बांधलंय का?’

2011 च्या दिवाळीनंतर नागपुरात बर्डीवर एका हातगाडीवरून मी एचएमटी जनता घेतली. साडेसहाशे रुपये. पांढरी डायल, देवनागरी आकडे, काचेवर ओरखडे इतके की सहा आणि आठ ओळखू येईनात. ती काच अ‍ॅक्रिलिकची असते, म्हणून टूथपेस्ट आणि मऊ फडकं घेऊन अर्धा तास घासत बसलो तेव्हा आकडे दिसले. इतवारीतल्या एका घडीसाज काकांकडे उघडून, धुऊन, तेल घालून घेतली, अडीचशे रुपये. नऊशेत घडी मनगटावर आली. (आमच्याकडे घडीच म्हणतात, प्रमाणभाषेवाल्यांनी माफ करावं.) तेव्हापासून सर्व्हिसिंगचे दिवस आणि आजारपणातला एक आठवडा सोडला तर ती रोज हातावर आहे. सकाळी चहा उकळेपर्यंत चावी देतो, पंचवीस-तीस वेळा मागे-पुढे, बोटाला अडल्यासारखं झालं की थांबतो. महिना म्हणालात ना? वर्षं मोजा.

दहावी-बारावीच्या पेपरांना आमच्या केंद्रावर पर्यवेक्षकांचे मोबाईल बाहेर जमा होतात. तीन तासांचा पेपर असतो. भिंतीवरचं घड्याळ चालू असेलच याची खात्री नाही. शेवटची दहा मिनिटं राहिली हे मुलांना सांगायचं तर मी या मनगटाकडे पाहतो. पंचवीस मुलं त्या एका वाक्यावर पुरवणी घ्यायची की नाही ते ठरवतात. व्हिडिओ पाहून हे काम होत नाही.

स्टाफरूममध्ये माझी एक दोनशे पानी वही आहे. रोज शाळा भरताना घडी मोबाईलच्या वेळेशी ताडून सेकंद लिहितो. सर्व्हिसिंगनंतरच्या महिन्यांत ती दिवसाला पंधरा ते वीस सेकंद पुढे जाते. दिवसाचे 86,400 सेकंद धरले तर दहा हजारांमागे अडीच सेकंदांहूनही कमी चूक. तासाला 18,000 ठोके देणारं, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला 4 लाख 32 हजार ठोके देणारं यंत्र, त्यात बॅटरी नाही, आणि ते एवढं नेमकं चालतं. मी गणिताचा माणूस आहे. हा आकडा मी दरवर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर मांडतो. फळ्यावरच.

त्याच वहीत 2018 च्या ऑगस्टमधलं एक पान आहे. एके दिवशी घडी चार मिनिटं पुढे, दुसऱ्या दिवशी अकरा, तिसऱ्या दिवशी तर अठरा. मला वाटलं, संपलं हिचं. इतवारीत गेलो. काकांनी भिंग डोळ्याला लावलं, मागचं झाकण काढलं आणि खणातून होकायंत्र काढून चालत्या घडीवर धरलं. त्याची सुई थरथरायला लागली, तोलचक्राच्या, म्हणजे मागे-पुढे झुलत ठोके देणाऱ्या चक्राच्या, तालावर. “सर, घडी बिघडली नाही. चुंबक लागलं तिला,” काका म्हणाले. आत केसासारखी बारीक गुंडाळलेली हेअरस्प्रिंग असते. चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि चक्र भराभर फिरतं. मी रात्री घडी स्पीकरवर काढून ठेवत होतो, तेच कारण. काकांनी चुंबकत्व काढायच्या एका निळ्या डबीवर बटण दाबून घडी हळूच वर उचलत नेली, परत होकायंत्र धरलं, सुई गप्प. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशीचा वहीतला आकडा : अधिक सतरा सेकंद.

हे मी सांगतोय ते फुशारकी म्हणून नाही. तुम्ही मला खोटं ठरवलंत म्हणून सांगावं लागतंय.

पाण्याचं म्हणाल तर हो, शिरलं होतं. तीन वर्षांमागे जुलैत स्कूटरवरून अंबाझरीकडून घरी येताना भिजलो आणि काचेच्या आत वाफ धरली. त्याच संध्याकाळी उघडून वाळवून घेतली. जी घडी कपाटात ठेवलेली असते तिच्यात पावसाचं पाणी शिरत नाही. माझ्या घडीत शिरलं ते मी रोज बांधतो म्हणूनच. एवढ्यावरून तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं. आणि आंघोळीला, पोहायला घालू नका, हे मी लेखात लिहिलंच होतं. वाचायला हवं होतं.

रंगवलेल्या डायलींचं मला नवीन नाही. बाजारात एका दुकानात एचएमटी पायलट म्हणून हिरवी चकाचक डायल माझ्याही गळ्यात मारली गेली आहे. सेकंदाच्या रेघा आकड्यांशी जुळत नव्हत्या, अक्षरांच्या कडा पसरलेल्या होत्या, घरी आल्यावर भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं. पण त्या घडीचं मशीन उत्तम होतं, आज माझा भाचा ती वापरतो. संग्रहाला घेणाऱ्याला डायल महत्त्वाची, रोज वापरणाऱ्याला मशीन. लेख कोणासाठी होता ते शीर्षकातच होतं. यावर जास्त बोलत नाही.

पार्टचंही थोडक्यात. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळं सुरू केली आणि 2016 मध्ये सरकारने घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. मधल्या काळात घरोघरी एचएमटी होती. लग्नात जावयाला एचएमटी, निवृत्तीला एचएमटी, मॅट्रिक पास झालेल्या पोराला एचएमटी. जनता आणि पायलट यांच्या आत तेच सतरा ज्वेलचं, म्हणजे घर्षण कमी करणारे सतरा खडे असलेलं, मशीन बसतं, म्हणून बंद पडलेली एक स्वस्तात घेतली की दुसरीला दहा वर्षांचे पार्ट झाले. माझ्या घडीचं तोलचक्र असंच दुसऱ्या घडीतून आलेलं आहे. डायलवर ‘पॅराशॉक’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ चक्राच्या टोकाखालचा खडा स्प्रिंगवर बसवलेला असतो, धक्का बसला तर तो झेलतो. तरी माझ्या हातून ती एकदा प्रयोगशाळेच्या शहाबादी फरशीवर पडली आणि टोक मोडलं. नवं चक्र काकांकडे डबीत होतंच.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तुम्ही ती मांडली असती तर मला आवडलं असतं : दुरुस्त करणारे हात कमी होत चाललेत. काकांचा मुलगा मोबाईलची दुकानदारी करतो. नागपुरात आज चावीची घडी विश्वासाने उघडायला द्यावी असे माझ्या ओळखीचे दोनच जण उरलेत, आणि दोघांचीही साठी उलटली. म्हणून मी म्हणतो, घ्यायची असेल तर आत्ता घ्या, तेल आत्ता घालून घ्या. हे तुम्हाला सुचलं नाही, कारण तुमचं सगळं लक्ष मास्तराला त्याची जागा दाखवण्यात होतं.

प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. वही शाळेत आहे, शनिवारी दुपारी साडेबारानंतर स्टाफरूममध्ये येऊन कोणीही पाहू शकतं. तुम्हीही या. फक्त येताना नाव सांगा.