इतिहास सांगताय? आधी टेप आणा

गेल्या रविवारी नांदुऱ्याजवळ माझ्या गाडीचं बंपर एका अनोळखी कुटुंबाच्या डिकीत घुसलं. ऐंशीच्या वेगात त्यांना रस्त्याकडेच्या हनुमानाच्या भव्य मूर्तीचं दर्शन घडलं आणि त्यांनी जागच्या जागी ब्रेक मारला. मुंबई-कोलकाता महामार्गावर, भर लेनमध्ये. इंडिकेटर नाही, हात नाही, काही नाही. (मागून ठोकणारा चुकतो, अंतर ठेवायला हवं होतं, सगळं मान्य. तरीही.) मी तावातावाने खाली उतरलो तर त्यांच्यातले काका मोबाइल वर धरून मलाच सांगतात, "एकशेपाच फूट आहे! एकशेपाच!" मी विचारलं, घडवली कुणी? काका म्हणाले, "अहो, एकशेपाच."

त्याच रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर मूर्तीचा 'इतिहास' येऊन पडला. समर्थांनी स्थापन केलेला बारावा मारुती, साडेतीनशे वर्षं जुना, आशियात सर्वांत उंच. मी एवढंच लिहिलं की मी शाळेत असताना एसटीने याच रस्त्याने आजोळी जायचो, तेव्हा ही मूर्ती नव्हती. आतोबांनी मला नास्तिक ठरवलं, आत्याने हात जोडलेले सात इमोजी टाकले. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. महामार्गावरच्या भव्य मूर्तीचा इतिहास कसा सांगायचा असतो, ते आता मला कळलंय. तुम्हालाही सांगतो.

उंची फुटातच सांगा. बत्तीस मीटर म्हटलं की गावच्या पाण्याची टाकी वाटते.

चबुतरा सोडू नका. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवी पायापासून मशालीपर्यंत १५१ फूट, आणि चबुतऱ्यासकट ३०५. निम्मी उंची त्यांनी चबुतऱ्यात कमावली, तुम्ही कशाला लाजता? खाली डोंगर असेल तर सोन्याहून पिवळं. सिमल्याच्या जाखू टेकडीवरचा हनुमान १०८ फुटांचा, पण टेकडीच आठ हजार फुटांवर आहे. बेरीज येते ना?

महामार्गाचा नंबर जुनाच सांगा. सहाचा त्रेपन्न झाला हे फक्त सरकारला माहीत असू दे.

वयाच्या बाबतीत कंजूषपणा नको. समर्थांचे अकरा मारुती सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे आणि आपण बुलढाणा जिल्ह्यात, असल्या किरकोळ भूगोलाला भीक घालू नका. त्या अकरांपैकी मसूरला किंवा उंब्रजला जाऊन कुणी 'किती फूट?' विचारत नाही, म्हणून तर त्यांचे फॉरवर्ड फिरत नाहीत.

'सर्वांत उंच' लिहिताना साल टाकायची चूक करू नका. साल टाकलं की कुणीतरी परिटाल्याचं नाव काढतं. तिथं विजयवाडा-हैदराबाद महामार्गाच्या कडेला १३५ फुटांचा आंजनेय २००३ पासून उभा आहे. पुढे आंध्रातच त्याहून उंच मूर्ती झाली. नाथद्वाऱ्याचा शंकर तर ३६९ फुटांचा. हे तुम्ही वाचलंच नाही, असं समजा.

योगायोग दिसला की सोडू नका. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर अमरावती ते अकोला असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. मूर्ती १०५ फूट, रस्ता १०५ तास! मधे फक्त 'म्हणूनच' घाला. वरची ३३ मिनिटं कापून टाका. बघा, झाला इतिहास.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शिल्पकाराचं नाव घ्यायचं नाही. कोनशिलेवरचं घ्यायचं. केवडियाचा सरदारांचा पुतळा १८२ मीटर, हे बालवाडीतलं पोरही सांगतं. त्याचे शिल्पकार राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, हे तिथं सेल्फी काढणाऱ्या किती मराठी माणसांना ठाऊक असतं? मूर्तीच्या पोटात काय आहे, सांगाडा कशाचा, पाया किती खोल, वाऱ्याचा जोर कसा पेलतो, पावसाळ्यानंतर वर चढून तपासतं कोण, रंग कोण देतं, त्या रंगाऱ्याच्या कमरेला दोर तरी असतो का, असले प्रश्न विचारायचे नाहीत. विचारले की रसभंग होतो. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला महाराजांचा ३५ फुटी पुतळा उभा राहिला, तेव्हाही आपण उंचीच विचारली. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी आख्खा महाराष्ट्र वेल्डिंगमधला तज्ज्ञ झाला. खारा वारा, गंजलेले नटबोल्ट, सगळं सगळ्यांना कळायला लागलं. नऊ महिने पण धड उभा राहिला नाही तो पुतळा! आधी का नाही विचारलं? दर्शनाला, फोटोला, स्टेटसला आपण होतोच की तिथं. मीही होतो. माझ्याकडेही फोटो आहे, आणि त्यात मी दात काढून हसतोय.

उपरोध बाजूला ठेवतो आता, कारण गॅरेजवाल्याने दिलेला आकडा बघून मला हसू येत नाहीये.

आतोबा, तुम्ही तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलात. पोरांनी सनावळी चुकवली तर छडी काढायचात, ती मीही खाल्लीय. आणि आज कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं हे न बघता 'बारावा मारुती' पुढे ढकलता? हनुमानाला भक्त कमी पडलेत का, की तुम्ही त्याच्या नावावर साडेतीनशे वर्षं खोटी चढवावीत? आहे तेवढं सांगितलं तर काय बिघडतं? आपल्या हयातीत माणसांनी एवढी मोठी मूर्ती महामार्गाच्या कडेला उभी केली, हीच केवढी गोष्ट आहे. त्यासाठी परातीत माल वाहणाऱ्या, परांचीवर चढणाऱ्या माणसांपैकी कुणी आज पन्नाशीत, साठीत असेल. त्यांना जाऊन विचारा ना.

आणि काका, तुमच्या मागच्या सीटवर दोन लहान पोरं होती. एकाच्याही अंगावर पट्टा नव्हता. माझ्या मागे उसाचा ट्रक असता तर? पुढच्या वेळी इंडिकेटर द्या, गाडी रस्ता सोडून कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, मग खुशाल हात जोडा. मूर्ती कुठे पळून जात नाही.