मावशी म्हणायला अट लागत नाही

रविवारी आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतरच्या मीटिंगमध्ये मी जरा जास्तच बोलले हे मला मान्य आहे. सोमवारी सकाळपासून तीन फोन आले, ताई एवढं काय लागलं तुम्हाला, म्हणून सगळ्यांना एकदाच इथे सांगते.

विषय होता परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सेवा सुरू करायची. विषय चांगलाच आहे हो, पुण्यात सुदान, येमेन, इराण, इथिओपिया कुठकुठनं पोरं येतात, कोंढव्यात संध्याकाळी भाजी घ्यायला गेलात तर चार भाषा कानावर पडतात. पण मग एक छापील फॉर्म फिरवला. नाव, देश, धर्म, किती भेटी झाल्या, आणि शेवटचा रकाना, ‘निर्णय घेतला का’, म्हणजे ख्रिस्ती व्हायचा. मी म्हटलं हा रकाना काढा. का, तर रिपोर्ट द्यावा लागतो वरती. म्हटलं मग माझं नाव पण काढा.

राग आला तो एवढ्यासाठी, की ही अट घालून केलेली मैत्री आपल्याला नवीन नाही आणि तिचं काय झालं तेही आपल्याला माहितीय, फक्त आपण ती गोष्ट ‘पहिली महिला डॉक्टर’ म्हणून पाठ करतो आणि पुढे जातो. आनंदीबाई जोशी आपल्याकडूनच परदेशी गेलेली विद्यार्थिनी ना. गोपाळरावांनी 1878 मध्ये अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं, बायकोच्या शिक्षणासाठी मदत करा म्हणून. उत्तर काय, तर ख्रिस्ती व्हा, मग बघू. तो पत्रव्यवहार मिशनच्या मासिकात छापला गेला. तो अंक 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना वाचला आणि या बाईनं सरळ आनंदीबाईंना पत्र टाकलं. अट नाही काही नाही. मग तीन वर्षं नुसती पत्रं! 1883 मध्ये निघण्याआधी आनंदीबाईंनी बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. कार्पेंटरबाईंना हे चाललं, त्यांनी तिला घरात ठेवून घेतलं, ती त्यांना मावशी म्हणायची. 1886 मध्ये डॉक्टर झाली, 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात वारली, वय 21. आणि तिच्या अस्थी गोपाळरावांनी कुणाकडे पाठवल्या? या मावशीकडे. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या पुरल्यात. आता सांगा, त्या फॉर्ममध्ये कार्पेंटरबाईंनी शेवटच्या रकान्यात काय भरलं असतं?

(हेच गोपाळराव पुढे 1890 मध्ये पंचहौद मिशनच्या चहात होते, टिळक-रानड्यांसकट सगळ्यांची नावं त्यांनीच पेपरात छापून आणली आणि मिशनऱ्यांच्या चहाबिस्किटावरनं ग्रामण्य, म्हणजे जातीतनं बहिष्काराचं प्रकरण, झालं. माणूस भारी खटपट्या. असो.)

आता माझं. 2016 मध्ये आमच्या वरच्या मजल्यावर इथिओपियाचा एक पोरगा राहायला आला. आधीच्या घरमालकानं सी फॉर्मच, म्हणजे परदेशी भाडेकरू ठेवल्याची पोलिसांना द्यायची माहिती, भरला नव्हता, म्हणून याला पोलिसांकडे हेलपाटे, वर डिपॉझिट पण बुडवलं. आमच्या ह्यांनी दोन दिवस त्याच्याबरोबर कमिशनर ऑफिसला चकरा मारल्या, तिथनं ओळख. मला वाटलं चला, याला आता प्रभूचं वचन सांगू. त्याला विचारलं तर म्हणाला मावशी, मी ख्रिस्तीच आहे, आमची मंडळी, म्हणजे चर्च, चौथ्या शतकापासनंय. आणि आमची? आमची मंडळी ज्यातनं निघाली ते अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं 1813 मध्ये, नगरला 1831 मध्ये! मी गपचूप चहा टाकायला आत गेले.

तो बुधवार-शुक्रवार उपास करायचा, मटण नाही, अंडं नाही, दूध-तूप पण नाही, आणि ईस्टरच्या आधी तर 55 दिवस तसंच. मेसवाला म्हणे असं कसं जमणार. आमच्या घरात चार पिढ्या ख्रिस्ती, पण साबुदाण्याची खिचडी काय कुठल्या धर्माची असते का, तुपाऐवजी तेलावर दाण्याचं कूट भरपूर घालून केली आणि पोरगा खूश. शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या, अगं याचे उपास माझ्यापेक्षा कडक आहेत की. आंबोळी केली तर डोळ्यात पाणी, म्हणे आमचा इंजेरा असाच लागतो आंबूस. त्यांचा नाताळ 7 जानेवारीला, म्हणजे आमचा करंज्यांचा डबा संपला की परत तळण काढायचं.

दुसरा सुदानचा. मुसलमान. एप्रिल 2023 मध्ये खार्तूममध्ये लढाई पेटली आणि त्याचा आईशी फोन लागेना, रूमवर एकटा बसून वेडा होईल म्हणून ह्यांनी त्याला घरी आणलं. पाच आठवडे आमच्या हॉलमध्ये झोपला. नमाजाची भिंत नेमकी टीव्हीची, मग पाच वेळा टीव्हीवर टॉवेल. आम्ही जेवायच्या आधी प्रार्थना करतो ती बंद केली नाही, त्याच्या आईचं नाव घेऊन मोठ्यानं केली, तो मान खाली घालून बसायचा. आईचा फोन लागला त्या रात्री तो आणि हे दोघं हॉलमध्ये लहान पोरांसारखे रडले. निर्णय? काही नाही घेतला त्यानं. दर ईदला मला व्हिडिओ कॉल करतो आणि नाताळला ह्यांना.

काहीजण म्हणाले मग ही सेवा कसली, ही तर समाजसेवा. अहो मी ख्रिस्ती आहे हे मी कुणापासून लपवत नाही, भिंतीवर क्रूस आहे, कपाटावर पवित्र शास्त्र आहे, कुणी विचारलं तर सांगते आणि आवडीनं सांगते, इथिओपियाच्या त्या पोरानं तर उलट मलाच स्तोत्रं पाठ करायला लावली. परक्याला घरात घ्या हे येशूनं सांगितलं तिथे पुढे ‘रिपोर्टसहित’ असं मला तरी दिसलं नाही. आणि ही पोरं काही दूधपिती नाहीत हो, तुम्ही माणूस म्हणून जवळ येताय की आकड्यासाठी हे त्यांना दुसऱ्या चहालाच कळतं. नंतर ती फोन उचलत नाहीत आणि आपण म्हणतो, कृतघ्न.

दोन वर्षांत कोर्स संपतो, पोरं जातात, हे पण कुणीतरी म्हणालं, वेळ वाया जातो म्हणे. इथिओपियाच्या पोराला जाऊन सहा वर्षं झाली, लग्न झालं, मुलगी झाली. मुंबईहून तिकडे जाणारं कुणी भेटलं की माझा दोन किलो साबुदाणा जातोच. गेल्या शुक्रवारी त्याच्या बायकोनं फोटो पाठवला, कढईत पांढरा गोळा, खाली लिहिलंय, मावशी हे असं का झालं.

पाणी जास्त घातलं गं बाई. रात्री कॉल करून सांगते, आधी हे मीटिंगचे फोन तर संपू देत.