खानांच्या पुण्यतिथ्या

१६ मार्चला आजोळच्या ग्रुपवर मावशीनं गवई अल्लादिया खाँसाहेबांचा फोटो टाकला. खाली एवढंच, ‘पुण्यतिथी, १९४६.’ पाच मिनिटांत मामेभावाचं उत्तर: ‘आता खानांच्या पुण्यतिथ्या घाला, उद्या टिपूची जयंतीबी घालशील.’ इथं लंडनमध्ये हॅरोहून युस्टन स्क्वेअरला पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं.

टिपूवर भांडा की. १७९१ मध्ये शृंगेरीचा मठ लुटला तो मराठ्यांच्या बाजूच्या फौजेनं, आणि स्वामींना मदतीची पत्रं गेली टिपूची. कूर्ग-मलबारात त्यानं काय केलं, तेही कागदोपत्री आहे. राजा म्हटला की हिशेब दोन्ही बाजूंनी होणारच. पण खाँसाहेबांनी कुणाचं काय लुटलं? जयपूरजवळच्या उणियाऱ्यात १८५५ साली जन्मलेला हा माणूस. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गवई केलं, आणि महाराज असेपर्यंत ते कोल्हापुरात राहिले. भास्करबुवा बखले, केसरबाई, मोगूबाई ही त्यांच्याच तालमीतली माणसं. मावशी केसरबाईंची कॅसेट लावायची तेव्हा आधी कुकर खाली उतरवून ठेवायची, मध्येच शिट्टी नको म्हणून. भात अर्धा कच्चा राहिला तरी चालेल. याच घरात जेवून मामेभाऊ मोठा झालाय.

मला त्याच्यापेक्षा जास्त राग आला तो समजूत घालणाऱ्यांचा. खाँसाहेबांचे पूर्वज गौड ब्राह्मण होते असं त्यांच्या घराण्यात सांगतात. कुणीतरी तेवढं ग्रुपवर टाकलं आणि वातावरण एकदम निवळलं. हात जोडलेले, फुलं, ‘मग ठीक आहे’. म्हणजे गाणं पुरेसं नव्हतं, गोत्र दाखवल्यावर माणूस आत आला! जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडलं, तरी आम्ही अजून गोत्रंच तपासतोय.

आता इकडचं. माझ्या ऑफिसच्या वाटेवर टॅव्हिटन स्ट्रीट आहे. तिथं चार नंबरच्या घरावर २०२० पासून निळी पाटी आहे, इथं कोण नामवंत राहिलं ते सांगणारी: नूर इनायत खानची. बाप बडोद्याचा गवई, सूफी; आई अमेरिकन. १९४३ मध्ये ही बाई ब्रिटिशांची हेर म्हणून जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमधून लंडनला वायरलेसवर संदेश पाठवत होती. पकडली गेली, १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाउच्या छावणीत मारली गेली. १९४९ मध्ये जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिशांचा शौर्याचा किताब, २०१२ पासून गॉर्डन स्क्वेअरमध्ये अर्धपुतळा. आणि घराणं? टिपूचं. घे, मामेभावा. ज्या इंग्रजांनी १७९९ मध्ये टिपूला मारलं, त्यांच्याच राजधानीत त्याच्या वंशातल्या मुलीचा पुतळा उभा आहे. (टिपूचा लाकडी वाघ त्यांनी उचलून आणला तो अजून इथंच म्युझियममध्ये आहे, पण तो विषय आज नको.)

हे ग्रुपवर लिहिल्यावर मामेभावाकडून अपेक्षित तेच आलं: ‘दादा, तिकडं बसून शहाणपणा शिकवू नकोस.’ का नको? १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराजही इकडंच आले होते. ते परदेशात असतानाच, २६ जुलैला, निम्म्या नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्याचा हुकूम करवीरच्या गॅझेटात छापून आला. तिकडं बसून काही करूच नये असा नियम असता तर बरंच काही राहिलं असतं. मी काही महाराज नाही, हे त्यानं लगेच कळवलं. बरोबर आहे. पण दसरा चौकातून रोज जाणाऱ्यानं १९०६ चं मुस्लिम बोर्डिंग कुणी काढलं, एवढं तरी आठवावं.

मी त्याला एक गोष्ट लिहिली नाही. नोव्हेंबरात युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी कोटांवर पॉपीची लाल फुलं लागली की ऑफिसात कुणीतरी माझ्यापाशी नूरचा विषय काढतं. मी ‘बडोदा, आमच्या गायकवाडांचं’ म्हणतो आणि जवळच्या नात्यातली असल्यासारखी मान डोलावतो. तेव्हा ती खान असल्याचं मला काही वाटत नाही. उलट बरं वाटतं, आमच्यातलंही कुणी यांच्यासाठी मेलंय, आता मला इथं कशाला आलास म्हणून विचारू नका. पाटी तिची, आडोसा माझा.

आणि मी नागरिकत्वही बदललंय. कोल्हापुरात मला साधं मतदान करता येत नाही, तरी त्या ग्रुपवर कुणी मला अजून बाहेरचा म्हणत नाही. खाँसाहेब बाहेरून आले ते सत्तावीस वर्षं तिथं राहिले. मी एकविसाव्या वर्षीच निघालो.