डेल्फिन किरकिरी नाही

लेखात ‘ल रेयाँ व्हेर’ (‘हिरवा किरण’) या एरिक रोमेरच्या फ्रेंच चित्रपटातल्या डेल्फिनला ‘किरकिरी, हट्टी’ म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. ऐन सुट्टीच्या तोंडावर मैत्रीण बेत मोडते, अख्खं पॅरिस गावाला निघतं आणि ही एकटी मागे राहते. मग सुट्टीसाठी कधी शेरबूर, कधी आल्प्स, कधी बियारित्झ. कुठेच जीव रमत नाही. शेरबूरचा जेवणाचा प्रसंग पुन्हा बघा. ती मांस खात नाही एवढंच कारण, आणि सगळं टेबल प्रेमानेच तिची उलटतपासणी घेतं! ती समजावत राहते, शब्द अडखळतात. नंतर कुंपणाच्या झुडपांपाशी, वाऱ्यात, ती एकटीच रडते. संवाद बरेचसे नटांनी आयत्या वेळी रचलेले, म्हणून डेल्फिन झालेल्या मारी रिव्हिएरचं अडखळणं इतकं खरं वाटतं. एकट्या बाईला ‘तूच जरा मिसळत जा’ म्हणणारे मीही खूप ऐकलेत, त्यामुळे तो प्रसंग मला फार लागला. १९८६ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला गोल्डन लायन हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला तो उगीच नाही. आणि शेवटी सूर्य बुडताना क्षणभरच दिसणारा तो हिरवा किरण! तेव्हा तिच्या तोंडून निघणारा तो छोटासा आवाज मी तीनदा मागे नेऊन ऐकला.