उत्तर न देणाऱ्यांचं काय?

"आता तरी मान्य करा," पक्या कट्ट्यावर टेकायच्या आधीच सुरू झाला. "आकडा आलाय. आकड्यापुढे कुणाचं काय चालतं?"

परवाचा पक्याच्या बाजूने आलेला सर्व्हे सगळ्यांनीच वाचला होता, त्यामुळे कुठला आकडा हे कुणी विचारलं नाही. पक्याला मत नसतं, टक्केवारी असते. त्याच्या बाजूची टक्केवारी शास्त्रीय आणि विरोधातली विकत घेतलेली. याच सर्व्हेवाल्यांनी मागे उलटा आकडा आणला होता तेव्हा हाच पक्या 'सर्व्हे म्हणजे निव्वळ थोतांड' म्हणत हिंडत होता. निल्याने तेवढी आठवण करून दिली. पक्याने ऐकलं न ऐकलं केलं.

"किती जणांना विचारलं?" शुभदा म्हणाली.

"भरपूर."

"कुणाला?"

"लोकांना! अजून कुणाला विचारतात?"

"कुठल्या लोकांना, कसं गाठून, आणि त्यातल्या कितींनी दार लावून घेतलं?"

"शुभे, तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच आहे. एवढ्या लोकांनी उत्तरं दिलीत. सगळे काय खोटं बोलतील?"

"१९३६," अण्णा म्हणाले.

निल्याने कपाळावर हात मारला. अण्णांनी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं आणि ही गोष्ट ते वर्गात दर वर्षी सांगत असणार. पण पक्याने ती ऐकली नव्हती, आणि ऐकायला हवी होती.

अमेरिकेतलं 'लिटररी डायजेस्ट' हे साप्ताहिक. अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी त्यांनी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते घेतले टेलिफोनच्या याद्यांमधून, मोटारींच्या नोंदणीमधून. म्हणजे मंदीच्या काळातही ज्यांच्याकडे फोन आणि गाडी होती त्यांचे. जवळजवळ २४ लाख उत्तरं आली. निष्कर्ष निघाला की रिपब्लिकन उमेदवार लँडन आरामात जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपने त्यांच्या मानाने मूठभर लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता.

"२४ लाख, पक्या," अण्णा म्हणाले. "आणि तोंडावर आपटले. उरलेल्या ७६ लाखांनी पत्रिका परतच पाठवली नाही. गप्प बसणारे आणि बोलणारे सारखेच असतात असं धरून चाललं की हे होतं."

"बरं, चुकले बिचारे," पक्या म्हणाला. "पण चूक म्हणजे काय पाप आहे का? तुम्ही लगेच नैतिकतेवर कशाला येता?"

मला वाटलं पक्याने बरा मुद्दा काढला. शुभदाने तो दोन वाक्यांत त्याच्यावरच उलटवला.

"बरोबर. चूक म्हणजे पाप नाही, लपवणं हे पाप. डायजेस्टवाल्यांनी किती पत्रिका पाठवल्या, किती परत आल्या, सगळं छापलं होतं, म्हणून तर ते कुठे चुकले हे आज अण्णा तुला सांगू शकतात. परवाच्या सर्व्हेत यातलं एक तरी छापलेलं दाखव."

पक्याने मोबाईल काढला. खाली-वर बघितलं. "असेल कुठेतरी," म्हणाला, आणि मोबाईल खिशात गेला.

प्रश्न कसा विचारला हेही छापलेलं नव्हतं, असं निल्या म्हणाला. त्यावर अण्णांनी आणखी एक जुनं उदाहरण दिलं. १९४०च्या सुमाराला अमेरिकेतच दोन गटांना जवळपास एकच प्रश्न विचारला होता. लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का? ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. दुसऱ्या गटाला विचारलं, अशा भाषणांवर बंदी घालावी का? घालावी म्हणणारे ४६ टक्केच निघाले. परवानगी नाकारणं म्हणजेच बंदी, पण 'बंदी' म्हटल्यावर माणूस बिचकतो. आता ज्याला जे सिद्ध करायचं असेल त्याने तो प्रश्न उचलावा. दोन्ही आकडे खरे, आणि वाचणाऱ्याला दुसऱ्या प्रश्नाचा पत्ताच नाही.

"पक्याला हे शिकवायची गरज नाही," निल्या म्हणाला. "सहलीच्या वेळी ग्रुपवर पोल कुणी टाकला होता? पर्याय काय होते? 'हो', 'नक्की हो' आणि 'हो, पण उशिरा निघू'!"

"त्यामुळे तरी सगळे आले ना!"

"मी नव्हतो आलो. आणि माझे भरलेले पैसे अजून तुझ्याकडेच आहेत."

इथून पुढे बराच वेळ त्या पैशांवरच गेला. ते पैसे गाडीच्या आगाऊ रकमेत गेले असं पक्याचं म्हणणं, गाडी तर शुभदाच्या भावाची होती असं निल्याचं. हे भांडण कट्ट्यावर दर दोन-तीन महिन्यांनी होतं आणि दर वेळी अर्धवट सुटतं. अण्णांनी हात वर करून दोघांना गप्प केलं.

शुभदाने बरीच वर्षं दारोदार फिरून फॉर्म भरायचं काम केलंय. ती त्याबद्दल सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलली, आणि मला ही चर्चा लिहून काढावीशी वाटली ती त्यामुळेच.

"तुम्ही सगळे वरच्या टोकाकडून बोलताय," ती म्हणाली. "नमुना, प्रश्न, टक्के. आकडा जन्माला कुठे येतो ते बघा. फॉर्म जाडजूड. पैसे फॉर्ममागे, तासावर नाही. दुपारी तीनचं ऊन, आणि समोरची बाई अर्धं लक्ष पाळण्याकडे ठेवून उत्तरं देतेय. एक प्रश्न असतो, गेल्या महिन्यात घरात कुणी आजारी होतं का? 'हो' लिहिलं की पुढे चार पानं. कोण आजारी, काय झालं, कुठे नेलं, खर्च किती, पैसे कुठून आणले. 'नाही' लिहिलं की सरळ पुढच्या भागावर. आता सांग पक्या, दिवसाचा कोटा भरायचा असलेला पोरगा काय लिहील?"

पक्या काही बोलला नाही.

"नाही लिहील. बाईने हो म्हटलं तरी नाही लिहील. काही जण तर बाईकडे जातच नाहीत, झाडाखाली बसून भरतात. मग कागदावर अख्खी वस्ती ठणठणीत होते. आणि वर बसलेला साहेब म्हणतो, इथे दवाखान्याची गरज दिसत नाही."

हे मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नव्हतं. आपण खोट्या आकड्यांबद्दल बोलतो तेव्हा डोळ्यासमोर लबाड तज्ज्ञ येतो, आणि तो असतोही. पण इतका लांबलचक फॉर्म आखून, फॉर्ममागे पैसे ठरवून, खोटं लिहिण्याची सोय करून देणारा माणूस अंगाला काही न लावता सुटतो. मला तो जास्त दोषी वाटतो.

"पकडता येतं का असं?" निल्याने विचारलं.

"येतं, पकडायचं असेल तर. खऱ्या माणसाला वय विचारलं की तो म्हणतो, असेल पन्नास, असेल पंचेचाळीस. जिथे लोकांना जन्मतारीख माहीत नसते तिथल्या खऱ्या फॉर्मात शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांचा ढीग लागतो. मनाने भरणारा मात्र खरं वाटावं म्हणून ४३ लिहितो, ४७ लिहितो. फार नीटनेटका गठ्ठा आला की मला घाम फुटायचा."

अण्णा खूश झाले. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालमधल्या तागाच्या पाहण्यांत एकाच भागाचे दोन स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या तुकड्यांकडून घ्यायची पद्धत आणली, ती याचसाठी, असं त्यांनी सांगितलं. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी पाणी मुरतंय हे कळतं. आपली चूक आपल्यालाच दिसावी यासाठी आधीच दुप्पट राबायचं. ही खरी नियत, असं अण्णा म्हणाले.

"तुमच्या काळी ठीक होतं," निल्या म्हणाला. "आता सगळं ॲपवर. फॉर्म कुठे भरला तेसुद्धा कळतं. आणि डेटा अनामिक असतो, कुणाचं नाव राहत नाही, कुणाला त्रास नाही."

निल्या कंपनीत डेटाचंच काम करतो, त्यामुळे हे तो फार खात्रीने बोलतो. शुभदाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"मी एका बाईला शब्द दिला होता," ती म्हणाली. "तिने विचारलं, हे कुणाला सांगणार नाही ना? मी म्हटलं, तुमचं नाव कुठेही जाणार नाही. मला तसंच सांगितलं होतं. पुढे तिला कर्ज देणाऱ्यांचे फोन सुरू झाले. तिला पैशाची अडचण आहे हे त्यांना कुठून कळलं? त्या वस्तीत मी परत जाऊ शकले नाही. आणि माझ्यानंतर तिथे जो कुणी फॉर्म घेऊन गेला असेल, त्याला कोण खरं सांगेल?"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग अण्णांनी १९४०ची अमेरिकन जनगणना काढली. लोकांनी गुप्ततेच्या हमीवर माहिती दिली. जपानशी युद्ध पेटलं, कायदा बदलला. जपानी वंशाचे लोक कुठल्या वस्तीत किती राहतात त्याचे तक्ते जनगणना खात्याकडून लष्कराकडे गेले. नावं नव्हती, नुसत्या बेरजा होत्या. त्या माणसं उचलायला पुरल्या. १९४३ मध्ये तर राजधानी वॉशिंग्टनमधल्या जपानी वंशाच्या लोकांची नावं-पत्तेही दुसऱ्या सरकारी खात्याला दिले गेले, आणि ते कागद उजेडात यायला २००७ साल उजाडलं.

"नुसत्या बेरजा, निल्या," शुभदा म्हणाली. "अनामिक."

निल्या म्हणाला, कंपनीत यावर बोलायला हवं. तो खरंच बोलेल असं मला वाटतं.

पक्याला एवढी शांतता सोसवत नाही. "म्हणजे आकडा खोटा असला की वाईट. पण आकडा खरा असेल तर? खरा आकडा छापायला काय हरकत?"

"१९९५," अण्णा म्हणाले, आणि या वेळी निल्यासुद्धा हसला.

पण ही गोष्ट हसण्यासारखी नव्हती. ब्रिटनमध्ये औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. १०० टक्के वाढ! आकडा खोटा नव्हता. ७००० बायकांमध्ये एकीला जो त्रास व्हायचा तो आता दोघींना होईल, एवढाच त्याचा अर्थ. हा अर्थ मथळ्यांत कुठेच नव्हता. घाबरून कित्येकींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. शिवाय गुठळीचा धोका गोळीपेक्षा गरोदरपणात जास्त असतो.

"१०० टक्के म्हणायचं की ७००० मागे एक जास्त म्हणायचं, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं," शुभदा म्हणाली. "जो फक्त पहिलं म्हणतो त्याला लोकांना काही कळवायचं नसतं, दचकवायचं असतं. परवाच्या बातमीचा मथळा आठव."

पक्याला आठवला असावा, कारण तो एकदम उठून उभा राहिला. "ठीक आहे! इथेच मतदान घेऊ. माझं म्हणणं ज्यांना पटलं नाही त्यांनी हात वर करा."

शुभदाने हात वर केला. निल्याने केला. मीही केला. अण्णांनी दोन्ही हात वर केले.

"हे बोगस मतदान आहे!" पक्या ओरडला. "अण्णांचं मत बाद!"

"कर बाद," शुभदा म्हणाली. "पण का केलंस ते लिहून ठेव."

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. निल्याने पक्याला सांगितलं, लिहायला घेतलंच आहेस तर सहलीचा हिशेबही लिही.