‘गावात कुणाला काही होत नाही’ म्हणणारा तो मेसेज

आमच्या घरच्या ग्रुपवर आत्यानं एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही तो आला असेलच, कारण सध्या सगळीकडे तोच फिरतोय. मथळा आहे ‘गावातल्या माणसाला दवाखाना का लागत नाही?’ आणि खाली मुद्दे. अपघात, जखमा ही शहराची देणगी आहे, गावात कुणाला काही होत नाही. शेतात राबणाऱ्याची हाडं मोडत नाहीत. लागलंच तर जखमेवर ताजं शेण थापावं, धनुर्वाताचं इंजेक्शन हा कंपन्यांचा धंदा आहे. साप चावला तर वरती घट्ट आवळावं, ब्लेडनं चीर द्यावी, कोंबडी लावावी, पण दवाखान्यात नेऊ नये, कारण तिथली सापाच्या विषावरची लस उलटते. आणि शेवटी, आपले पूर्वज असेच शंभर वर्षं जगत होते.

दुसऱ्या कुणी पाठवला असता तर मी पुढे सरकलो असतो. पण आत्या मळ्यातल्या घरात राहते, पावसाळ्यात नातवंडांना कुशीत घेऊन खाली जमिनीवर झोपते, आणि तिनं मेसेजखाली लिहिलं होतं, ‘सगळ्यांनी जपून ठेवा.’ त्यामुळे गप्प बसणं जमलं नाही.

सापाचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात माणूस जातो.

सर्पदंशानं देशात किती माणसं मरतात याचा एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यांच्या वह्यांवर विसंबून न राहता प्रशिक्षित माणसं घरोघर गेली, घरातलं माणूस कसं गेलं हे नातेवाइकांना विचारलं आणि त्यावरून डॉक्टरांनी मृत्यूचं कारण ठरवलं. हिशेब निघाला तो असा: २००५ या एका वर्षात सुमारे ४५,९०० मृत्यू. त्यातले ९७ टक्के ग्रामीण भागातले. सरकारी दवाखान्यांच्या नोंदींत जेवढे मृत्यू दिसत होते त्याच्या तीस पटींहून जास्त. आणि दवाखान्यात पोचून तिथे मृत्यू झालेले होते जेमतेम २३ टक्के. बाकीचे घरी, वाटेत किंवा कुणा मांत्रिकाच्या ओट्यावर गेले. पुढे २०२० मध्ये त्याच पद्धतीचा आणखी एक हिशेब आला, २००० ते २०१९ या काळात सुमारे बारा लाख मृत्यू.

‘गावात कुणाला काही होत नाही’ हे वाक्य जन्माला येतं ते इथेच. शहरात माणूस पडला की पोलीस येतात, केसपेपर निघतो, पेपरात चौकट येते. गावात माणूस जातो तेव्हा बाराव्याचं जेवण होतं, पण नोंद कुठेच होत नाही.

आता त्या उपायांकडे बघू. कोंबडी लावणं म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जिवंत कोंबडीची मागची बाजू दंशाच्या जागी दाबून धरतात, ती विष ओढून घेते म्हणतात, एक मेली की दुसरी लावतात. दाबून धरलेली कोंबडी गुदमरून मरते आणि बघणाऱ्याला वाटतं विष उतरलं! तोवर खरं विष अंगात पसरत असतं. दातांनी आत खोल सोडलेलं विष कातडीवरून कुणी ओढू शकत नाही, ना कोंबडी, ना तोंड लावून चोखणारा माणूस.

चीर देणं तर घातकच. घोणस आणि फुरसं यांच्या विषानं रक्त गोठण्याची ताकदच संपते. अशा माणसाच्या पायावर ब्लेड चालवलं तर ते रक्त थांबवणार कोण? दवाखान्यात डॉक्टर काय करतात ते मी जवळून पाहिलंय. थोडं रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेतात आणि वीस मिनिटं नळी अजिबात हलवत नाहीत. मग ती हळूच तिरकी करतात. रक्त गोठून बसलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं, तर लस ताबडतोब सुरू. एवढी साधी तपासणी, पण कोंबडी लावण्यात घालवलेल्या दोन तासांत ती होत नाही. आणि वरती घट्ट आवळल्यानं पायाचा रक्तपुरवठा तुटतो, पाय काळा पडतो, गाठ सोडली की साठलेलं विष एकदम वर जातं.

मण्यार आणखी वाईट. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या जड, बोलताना जीभ अडखळते. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. आत्या, ही ओळ तुझ्यासाठी आहे. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्या.

‘लस उलटते’ यात थोडं तथ्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. सापाच्या लसीची प्रतिक्रिया येऊ शकते, कधी जोरात येते. म्हणूनच ती दवाखान्यात देतात, शेजारी अॅड्रिनॅलिन, म्हणजे ती प्रतिक्रिया आवरणारं इंजेक्शन, भरून ठेवतात. त्या भीतीनं लसच टाळली तर विषाला रोखायला काहीच उरत नाही. आणि मांत्रिकाकडे गेलेले बरे होतात तेही खरं, कारण बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. श्रेय मात्र मंत्राला जातं.

विंचवाचं तर उदाहरण आपल्याच महाडचं. लाल विंचवाच्या दंशानं कोकणात तरणीताठी माणसं, लेकरं जात होती. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथेच राहून १९८० च्या दशकात दाखवून दिलं की प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वेळेत दिली तर यातली बहुतेक माणसं वाचतात. दवाखाना न लागणाऱ्या गावातच हे सगळं घडलं.

शेणाबद्दल फार लिहीत नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणातच असतात. उघड्या जखमेवर शेण थापणं म्हणजे ते हातानं आत भरणं. हळदीत जंतू मारायचा थोडाफार गुण असेल, पण खोल जखमेला तो पुरत नाही. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, स्वच्छ फडकं दाबून धरा, इंजेक्शन घ्या.

हाडं मोडत नाहीत म्हणे. आमच्याकडे सोयाबीन काढणीला आलं की मळणी यंत्रं रात्री उशिरापर्यंत चालतात. चारा-काड गुंतला की माणूस पायानं नाहीतर हातानं आत ढकलतो, यंत्र बंद करायचं म्हणजे भाड्याचा वेळ जातो. ट्रॅक्टरच्या उघड्या फिरत्या दांड्यात पदर किंवा धोतराचा सोगा अडकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला तो याच मळणी यंत्रांनी तुटलेल्या हातांमुळे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. रस्त्यांचं म्हणाल तर गर्दी शहरात जास्त, हे कबूल. पण देशातले अपघाती मृत्यू जास्त होतात ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर.

पूर्वज शंभर वर्षं जगत होते? स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. शंभरी गाठलेला एखादा आजोबा लक्षात राहतो, पाळण्यातच गेलेली त्याची भावंडं कुणाला आठवत नाहीत.

एवढंही पटत नसेल तर राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना वाचा. कोणकोणते अपघात धरले जातात त्याची यादीच तिच्यात आहे: सर्पदंश, विंचूदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, पाण्यात बुडणं, उंचावरून पडणं, फवारणीची विषबाधा, जनावरानं मारणं. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख. सरकारनं ही यादी हवेतून काढलेली नाही. ज्याच्या घरात कुणाच्याच नावावर जमीन नाही त्या मजुराला यातलं काही मिळत नाही, त्यावर आपण भांडायला हवं. आणि ज्यांना मिळू शकतं त्यांना दाव्यासाठी दवाखान्याचे, पोलिसांचे कागद लागतात. दवाखान्यात नेऊच नका असं सांगणारा मेसेज माणूसही घालवतो आणि मागे राहिलेल्या घराचा हक्कही.

आत्या, तो मेसेज ग्रुपवरून काढून टाक. त्याजागी हे टाक: साप चावला तर माणसाला चालवू नका, दंशाचा हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, अंगठी-जोडवी काढा, १०८ ला फोन करा, गाडी येत नसेल तर मिळेल त्या वाहनानं निघा. आणि उद्या कुणाला तरी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून विचारून घे, सापाची लस आहे का, रात्री डॉक्टर कोण असतात, नसतील तर जवळ कुठे जायचं. तो नंबर आधी घरातल्या भिंतीवर लिही, मग ग्रुपवर टाक.