झाडं लावायला नको, राखायला पैसे द्या

जूनचा पहिला पाऊस महाराष्ट्रात पडला की इथे स्कॉटलंडमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर देणगीची आवाहनं येऊ लागतात. एका रोपाचे इतके रुपये, शंभर रोपांना तुमच्या नावाची पाटी, प्रमाणपत्र ईमेलने. पैसे देणाऱ्यांची तळमळ खरी असते आणि मागणाऱ्यांचीही. उजाड डोंगरांवर पुन्हा जंगल उभं करण्याचे प्रकल्प एका धर्मादाय संस्थेसाठी सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे यातली कुठली संस्था चांगली, असं मला हमखास विचारलं जातं. मी त्यांना एवढंच बघायला सांगते, की तिसऱ्या वर्षी रोपांची मोजणी कोण करणार आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात कुठे धरलेत. बहुतेक आवाहनांत याचं उत्तर सापडत नाही.

महाराष्ट्रातला वाद गेली काही वर्षं आकड्यांभोवती फिरतो आहे. १ जुलै २०१६ ला एका दिवसात दोन कोटींहून जास्त रोपं लावल्याचं सरकारने जाहीर केलं. पुढच्या वर्षी लक्ष्य ४ कोटींचं झालं, मग १३ कोटी, आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. सरकार बदललं, आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्याची घोषणा झाली. किती लावली, किती जगली, पैसे कुठे गेले, हे प्रश्न योग्यच आहेत. पण ते विचारले जातात रोपं मेल्यावर. रोप जगण्याची सोय खड्डा खणण्याआधी करायची असते, आणि त्या सोयीबद्दल दोन्ही बाजू फारसं बोलत नाहीत.

ही सोय म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगायला हवं. सह्याद्रीच्या उतारावर पावसाळ्यात लावलेलं रोप ऑक्टोबरपर्यंत गवतात बुडून जातं. निंदणी झाली नाही तर ते गवताखालीच मरतं. गवत वाळलं की फेब्रुवारीपासून वणव्यांचे दिवस. त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढलेल्या नसतील, तर तीन वर्षांचं काम एका दुपारी जळून जातं. उन्हाळ्यात गुरं कुठे चरणार, हे गावाशी बसून ठरवलेलं नसेल, तर कुंपण कितीही पक्कं असो, ते तुटतं, आणि त्यात गुराख्याचा दोष नसतो. दुसऱ्या पावसाळ्यात नांग्या भरायच्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची. मग पुन्हा निंदणी, पुन्हा जाळरेषा. या सगळ्याला मजुरी लागते, आणि वर्षभर त्या डोंगरावर फिरणारं, त्याच गावातलं माणूस लागतं. या कामाचे फोटो निघत नाहीत, म्हणून देणगीदाराच्या अहवालात त्याला जागा नसते.

इथे स्कॉटलंडमध्ये वणव्याच्या जागी हरणं आहेत. लांडगे काही शतकांपूर्वी मारून संपवले गेले, शिकारीच्या इस्टेटींनी लाल हरणं वाढू दिली, आणि उगवलेलं प्रत्येक कोवळं झाड खाल्लं जाऊ लागलं. त्यामुळे आमच्या खर्चाचा मोठा वाटा रोपांवर पडतच नाही. तो कुंपणावर किंवा हरणांची संख्या कमी करण्यावर पडतो. काही देणगीदारांना हरणं मारणं सोसत नाही. त्यांना समोर बसवून समजावणं हाही कामाचा भाग आहे. मात्र इथल्या व्यवस्थेची एक गोष्ट मला मनापासून पटते: पैसे वेळेशी बांधलेले असतात. लागवडीच्या सरकारी अनुदानात देखभालीची रक्कम पाच वर्षं, दरवर्षी वेगळी मिळते. जंगलाने शोषलेल्या कार्बनची अधिकृत नोंद करायची तर पाचव्या वर्षी बाहेरचा तपासनीस येतो आणि पुढेही ठरावीक काळाने येत राहतो. केर्नगॉर्म्स या डोंगराळ भागात सुमारे ६०० चौरस किलोमीटरवर काही जमीनमालकांनी मिळून जो कार्यक्रम हाती घेतलाय, त्याचा आराखडा २०० वर्षांचा आहे. आपल्याकडे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्चायचा सीएसआर निधी हा अशा कामांचा मोठा आधार, पण २०२१ च्या नियमांनुसार एकाहून जास्त वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. हिरडा किंवा ऐन तेवढ्यात माणसाच्या छातीएवढा झाला तरी खूप.

तरीही स्कॉटलंड मला आदर्श वाटत नाही. झाडांच्या नादात या देशाने केलेलं नुकसान महाराष्ट्राने नीट समजून घ्यावं असं आहे. अगदी उत्तरेला फ्लो कंट्री नावाचा विस्तीर्ण दलदलीचा प्रदेश आहे. हजारो वर्षं शेवाळं अर्धवट कुजत साचून तिथे पीटचे थर झालेत, काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत जाड. १९७० आणि ८० च्या दशकांत ही जमीन निरुपयोगी ठरवली गेली. करसवलतीसाठी श्रीमंतांनी तिथे पैसा ओतला, चर खणून पाणी काढलं आणि उत्तर अमेरिकेतून आणलेले स्प्रूस आणि पाइन हे सूचिपर्णी वृक्ष रांगेत लावले. पीट सुकलं, त्यात साठलेला कार्बन हवेत जाऊ लागला, पाणथळीचे पक्षी हटले. १९८८ च्या अर्थसंकल्पात ती सवलत बंद झाली. तेव्हापासून संस्था आणि सरकार मिळून तीच झाडं तोडताहेत, चर बुजवताहेत. २०२४ मध्ये युनेस्कोने या दलदलीला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.

आपली माळरानं आज त्याच वाटेवर आहेत. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडची गवताळ रानं सरकारदरबारी वर्षानुवर्षं ‘पडीक’ म्हणून लागलेली. १९८८ च्या वनधोरणात देशाचा एक तृतीयांश भूभाग झाडांखाली आणायचं उद्दिष्ट आहे, मग मोकळी दिसेल ती जमीन लागवडीला जाते. तिथे चर पडतात, गिरिपुष्पासारखं परदेशी झाड लावलं जातं, आणि लांडगा, खोकड, चिंकारा, धनगरांची मेंढरं या सगळ्यांचं रान आक्रसतं. माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ गेला. त्याला कारणं अनेक, पण गवताळ रानं गेली हे त्यातलं मोठं. माळावर झाडं लावायला मागितलेले पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे, ती संस्था कितीही प्रामाणिक असली तरी.

कुठे काय लावावं हे ठरवण्याची चांगली रीत मी दक्षिण स्कॉटलंडमधल्या मॉफॅटजवळच्या कॅरीफ्रन खोऱ्यात पाहिली. मेंढ्यांनी बोडकी केलेली ही सहाशेहून जास्त हेक्टरांची दरी सामान्य लोकांनी वर्गणी काढून २००० साली विकत घेतली. लावण्याआधी त्यांनी वरच्या दलदलीतल्या परागकणांचा अभ्यास आधाराला घेतला. हजारो वर्षांपूर्वी तिथे कोणती झाडं होती हे त्या थरांत टिकून होतं, आणि त्यावरून यादी ठरली. आपल्याला एवढं खोल खणायची गरज नाही. जवळच्या देवराईत जाऊन पाहिलं आणि गावातल्या जाणत्यांना विचारलं, तरी त्या डोंगराची यादी मिळते. ही यादी रोपवाटिकेला दोन वर्षं आधी द्यावी लागते, कारण रानातल्या कित्येक झाडांचं बी वेळेत गोळा करावं लागतं. जूनमध्ये निधी मिळून जुलैत लागवड करायची, तर रोपवाटिकेत जे तयार असेल तेच लागतं.

मंडळातल्या गप्पांत एक वाक्य वारंवार येतं: इकडे लोक जंगल राखतात, आपल्याकडे लोकच तोडतात. हे मला मान्य नाही. हायलँड्सचे, म्हणजे उत्तर स्कॉटलंडचे, मोकळे डोंगर पर्यटकांना निसर्ग वाटतात. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मेंढ्यांसाठी तिथल्या कुटुंबांना घरांतून हुसकून लावलं होतं. आजही स्कॉटलंडमधली निम्मी खाजगी ग्रामीण जमीन पाचशेहून कमी मालकांकडे आहे. डोंगरावर आपलं म्हणणं चालावं म्हणून गावांना तो विकत घ्यावा लागतो. दक्षिणेकडच्या लँगहोम गावच्या रहिवाशांनी २०२१ मध्ये तिथल्या माळाचा अर्धा भाग घेण्यासाठी ३८ लाख पौंड उभे केले.

उलट गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. जंगल राखण्याचा, पुन्हा वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क या कायद्यात लिहिलेला आहे. असे हक्क मान्य करण्यात महाराष्ट्र देशात पुढे आहे. इथल्या सहकाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा ते पुन्हा पुन्हा प्रश्न विचारतात, कारण त्यांच्याकडे असं काही नाही. म्हणून जमीन विकत घेऊन कुंपण घालायचं इथलं प्रारूप महाराष्ट्रात नेणाऱ्या संस्थांना माझा विरोध आहे. संस्थेने ग्रामसभेच्या मागे उभं राहावं: व्यवस्थापन आराखडा लिहायला मदत करावी, हिशेब लावून द्यावा, मोजणी शिकवावी. निर्णय गावाचा.

पैसे कसे पोचवायचे हाही प्रश्न आहेच. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफसीआरए कायद्याखाली येते. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणारी संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेकडून गावपातळीवरच्या छोट्या संस्थेला पोचणारा परदेशी पैसा त्यामुळे थांबला.

आमच्या मंडळापुढे मी ठेवलेला प्रस्ताव असा: ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी मिळून सामूहिक हक्क मिळालेल्या एकाच ग्रामसभेचं काम निवडावं, आणि दहा वर्षं तिथल्या दोन राखणदारांची मजुरी, जाळरेषा आणि दरवर्षीची मोजणी एवढाच खर्च उचलावा. रोपं लागलीच तर ती गावाच्या रोपवाटिकेत तयार होतील. मोजणीचा आकडा वाईट आला तरी त्या वर्षाचे पैसे थांबवायचे नाहीत, ही अटही मी त्यात लिहिली आहे. पाट्या आणि प्रमाणपत्रं यात नाहीत, म्हणून काही जण नाराज आहेत. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.